ताठरलेल्या पायाशी जोर नको, पण दुर्लक्षही नको



घरातल्या माणसाचा पाय आखडला की आपल्याकडे बहुधा दोनच गोष्टी होतात. एक तर दोघे मिळून तो पाय ओढून सरळ करतात, नाहीतर "वय झालं", "अंगात आळस भरलाय" म्हणून त्याला बाजेवर पडू देतात. या दोन्ही गोष्टींनी नुकसान होते. सोयगाव तालुक्यातल्या वस्त्यांमधून न्यूरॉलॉजिस्टपर्यंत पोचायलाच एक दिवस जातो. म्हणून घरी काय करता येते आणि काय टाळायचे, हे या पानावर आपण समजून घेऊ.

पाय का आखडतो?

मेंदूकडून मणक्यातल्या मज्जारज्जूमार्गे स्नायूला निरोप जातात. "आवळ" हा एक निरोप, "सैल हो" हा दुसरा. मल्टिपल स्क्लेरोसिस किंवा मोटर न्यूरॉनच्या आजारात, तसेच पक्षाघातानंतर, ही वाट बिघडते. "सैल हो" हा निरोप नीट पोचत नाही, स्नायू आवळलेलाच राहतो आणि मधूनच पोटरीत गोळा येतो. अशा पायाला झटका दिला तर तो आणखी घट्ट होतो. हळूहळू ताणला तर सैल पडतो. एवढे एक सूत्र ध्यानात ठेवले तरी पुढचे सगळे सोपे जाते.

पार्किन्सनमधला ताठरपणा वेगळा असतो. तिथे मेंदूत डोपामाइन हे रसायन कमी पडते. गोळीचा असर उतरला की पाय जड होतो. काहींची बोटे पहाटे वाकडी होऊन दुखतात. तेव्हा गोळीची वेळ आणि पाय ताठरल्याची वेळ कागदावर लिहून ठेवा व डॉक्टरांना दाखवा.

या माणसाला कोणी आळशी म्हणू नये, आणि कोणी करणी-भानामतीचे नाव काढले तर ऐकूही नये. हा मज्जातंतूंचा आजार आहे. उताऱ्यात आणि डागण्या देण्यात गेलेले महिने परत मिळत नाहीत.

गोळा आला त्या क्षणी

घाबरू नका, पाय ओढू नका. गुडघा सरळ ठेवून पायाचा चवडा हळूहळू नडगीकडे आणा आणि गोळा सुटेपर्यंत तसाच धरा. मग पोटरी हलक्या हाताने चोळा. बसलेल्या माणसाचा पाय आपोआप थडथड उडत असेल, तर टाच जमिनीला टेकवून गुडघ्यावर तळहाताने वरून दाब द्या. बहुधा तो थांबतो.

शेकताना जपा. या आजारात पायाची जाणीव कमी झालेली असू शकते. गरम पाण्याची पिशवी किंवा तव्यावरची वीट कातडी भाजते आणि माणसाला ते कळतही नाही. आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, आणि मध्ये जाड कापड ठेवा. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या काही रुग्णांना उष्णतेने जास्त अशक्तपणा येतो. त्यांनी उन्हाळ्यात व्यायाम पहाटेच उरकावा.

रोजचे ताणणे

सकाळी एकदा, झोपण्यापूर्वी एकदा. प्रत्येक ताण अर्धा मिनिट धरायचा आणि तीन वेळा करायचा. ताण जाणवावा, कळ येऊ नये. घरातल्या एकाने फिजिओथेरपिस्टकडून हे एकदा शिकून घेतले तर उत्तम.

१. पोटरी : रुग्णाला उताणे झोपवा. टाच तुमच्या तळहातात, तळपाय तुमच्या हाताला टेकलेला. गुडघा सरळ ठेवून चवडा हळू वर न्या. एकट्याने करायचे असल्यास बसून पंचा तळपायाखालून घ्यावा आणि दोन्ही टोके आपल्याकडे ओढावीत.

२. मांडीची मागची बाजू : गुडघा सरळ ठेवून पाय टाचेपासून हळू वर उचला. ताण बसला की तिथेच थांबा.

३. मांडीची आतली बाजू : दोन्ही गुडघे वाकवून तळपाय गादीवर ठेवा आणि गुडघे हळू बाजूला पडू द्या. पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढत असतील तर रात्री गुडघ्यांमध्ये गोधडीची घडी ठेवा.

४. पालथे झोपणे : श्वासाचा त्रास नसेल तर रोज दहा-पंधरा मिनिटे. दिवसभर बसून खुबे वाकडे राहतात, ते याने सरळ होतात.

हे कंटाळवाणे आहे, पण याचे मोल मोठे आहे. महिनोन्‌महिने वाकलेला राहिला तर सांधा तसाच धरतो. मग पाय धुणे, कपडे बदलणे, शौचाला बसवणे सगळेच अवघड होते. त्या अवस्थेत गोळ्यांनीही सांधा उलगडत नाही.

त्रास एकाएकी वाढला तर

एरवी बेताचा असलेला ताठरपणा दोन-चार दिवसांत वाढला, तर "आजार वाढला" असे लगेच मानू नका. शरीरात दुसरीकडे काहीतरी खुपत असते आणि पाय ते सांगत असतो. पुढील गोष्टी तपासा : लघवीला जळजळ किंवा घाण वास, दोन-तीन दिवस शौच न होणे, कमरेवर किंवा टाचेवर जखम, आत वळलेले नख, घट्ट चप्पल, ताप, थंडी. मूळ कारण बरे झाले की पायही बहुधा सैलावतो. बायाबापड्या लघवीचा त्रास लाजेने लपवतात. घरच्यांनी स्वतःहून विचारावे.

गोळ्यांबद्दल

बॅक्लोफेन आणि टिझानिडिन या ताठरपणावरच्या नेहमीच्या गोळ्या आहेत. डॉक्टर त्या थोड्यापासून सुरू करून हळूहळू वाढवतात. त्यांनी झोप येते, चक्कर येते. कधी पाय इतका सैल पडतो की उभेच राहता येत नाही, कारण काही जण त्या ताठरपणाच्याच आधाराने उभे असतात. असे झाले तर डॉक्टरांना सांगा, म्हणजे मात्रा बदलता येईल.

सर्वांत महत्त्वाचे : बॅक्लोफेन एकदम बंद करू नका. अचानक थांबवल्यास झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, ताठरपणा उसळून येतो. पत्ता संपायच्या आठवडाभर आधीच नवा आणा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर तो आधीच सांगा. या गोळ्या चालू असताना दारू नको. बिनलेबलच्या पुड्याही घेऊ नका.

काठीचा कमीपणा वाटू देऊ नका

काठी घेतली की लोक काय म्हणतील, या भीतीने कितीतरी जण पडतात आणि खुबा मोडून बसतात. बाबासाहेबांना मधुमेह होता, त्यातून पायांच्या नसांचे दुखणे होते. १९४८ च्या सुमारास त्या दुखण्याने त्यांना झोप येत नसे. अखेरच्या वर्षांत ते काठीचा आधार घेत. त्यांचा आजार वेगळा होता, पण काठीने माणूस लहान होत नाही एवढे आपण त्यातून घ्यावे. काठीला रबरी टोपण हवे आणि ती दुबळ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. संडासात भिंतीला पक्की दांडी ठोका. खाली बसवत नसेल तर मधे भोक असलेली खुर्ची वापरा.

दवाखाना आणि कागद

सोयगावचे ग्रामीण रुग्णालय पहिले. पुढच्या तपासणीसाठी जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ पडते. छत्रपती संभाजीनगरची घाटी शंभर किलोमीटरहून लांब आहे. खेप वाया जाऊ नये म्हणून जुने कागद, चालू गोळ्यांचे पत्ते आणि त्रासाची टिपणे एका पिशवीत ठेवा. आखडलेल्या पायाचा मोबाइलवर व्हिडिओ काढून न्या.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन यांची नावे आहेत. चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळाले की अनेक सवलतींचा हक्क मिळतो. त्यासाठी यूडीआयडी कार्डाचा अर्ज भरा. संजय गांधी निराधार अनुदान योजनेची चौकशी तहसील कार्यालयात करा.

एका बाजूचा हातपाय अचानक लुळा पडला किंवा तोंड वाकडे झाले, श्वास घ्यायला किंवा गिळायला त्रास होऊ लागला, लघवी अचानक अडली, अथवा एकच पोटरी सुजून गरम व लाल झाली, तर घरगुती उपाय करत बसू नका. १०८ ला फोन करा.

या आजारांपैकी बरेचसे पूर्ण बरे होत नाहीत, हे खरे. पण पाय सरळ राहणे, रात्री झोप लागणे आणि स्वतःच्या पायाने संडासापर्यंत जाता येणे हे बऱ्याच जणांना पुष्कळ काळ साधते. त्यासाठी घरातल्या एकाची सकाळ-संध्याकाळची वीस मिनिटे लागतात. तो भार एकट्या सुनेवर किंवा लेकीवर टाकू नका, घरातल्या पुरुषांनीही वाटून घ्यावा.