कालबाह्य स्तंभप्रकारांचे स्थलांतर आणि देवनागरी संहिता

हस्तलिखितांच्या सूची, नियतकालिकांच्या लेखसूची, कोशांच्या चिठ्ठ्या हे सारे आता डेटाबेसमध्ये ठेवले जाते. तेथे प्रत्येक स्तंभाचा प्रकार आधी ठरवावा लागतो, आणि कोणती लिपी टिकेल हे त्या प्रकारावर अवलंबून असते. संहितेच्या अभ्यासकाने ही बाब सर्वस्वी तंत्रज्ञावर सोपवावी, असे मला वाटत नाही.

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर ह्या प्रणालीत दीर्घ मजकुरासाठी पूर्वी ‘टेक्स्ट’ आणि ‘एनटेक्स्ट’ हे प्रकार वापरीत. पहिल्यात मर्यादित संकेतसंचातील अक्षरेच मावतात. दुसऱ्यात युनिकोड, म्हणून देवनागरीही. दोहोंवर क्रम लावता येत नाही, की समानतेची तुलना करता येत नाही. २००५ च्या आवृत्तीत त्यांच्या जागी अनुक्रमे ‘व्हारचार-मॅक्स’ आणि ‘एनव्हारचार-मॅक्स’ आले व जुने प्रकार कालबाह्य ठरविले गेले.

अलेम्बिक हे पायथन भाषेतील मुक्तस्रोत स्थलांतरसाधन डेटाबेसच्या रचनेतील बदल टप्प्याटप्प्याने लिहून ठेवते. ते एसक्यूएलआल्केमी ह्या लायब्ररीवर उभे आहे. लायब्ररीत स्तंभाचे नाव दोन तऱ्हांनी सांगता येते. ‘युनिकोडटेक्स्ट’ असे सामान्य नाव दिले, तर सर्व्हर २०१२ किंवा नंतरचा असल्यास नवा प्रकार निर्माण होतो, त्याआधीचा असल्यास जुना. ‘एनटेक्स्ट’ असे नेमके नाव दिले, तर कोठेही जुनाच प्रकार मिळतो. ह्यातून एक चमत्कारिक स्थिती उद्भवते. २००८ च्या सर्व्हरवर रचलेली आणि पुढे सर्व्हरसह अद्ययावत केलेली सूची जुनेच स्तंभ बाळगून असते. तेच टप्पे आज नव्या सर्व्हरवर चालविले, तर नवे स्तंभ मिळतात. एकाच लिखित परंपरेतून दोन भिन्न प्रती निघाव्यात, हा प्रकार पाठचिकित्सकांना अपरिचित नाही! जुना टप्पा खोडून सुधारण्याचा मोह येथे होतो. परंतु त्याने आधीच रचलेल्या प्रतीत काहीच बदलत नाही. स्तंभाचा प्रकार बदलणारा नवा टप्पा शेवटी जोडणे, हाच योग्य मार्ग होय. त्यात स्तंभ रिक्त ठेवता येत नाही ही जुनी अट पुन्हा नोंदवावी, अन्यथा ती गळून पडू शकते.

खरा धोका मात्र पुढे आहे. ‘एनटेक्स्ट’ स्तंभाचे रूपांतर ‘व्हारचार-मॅक्स’मध्ये करण्यास सर्व्हर हरकत घेत नाही. नावातील एक ‘एन’ सुटला, की देवनागरीतील प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह येते. ‘ज्ञानेश्वरी’ ह्या शब्दात युनिकोडची ११ चिन्हे आहेत, ‘अमृतानुभव’मध्ये ९, उरतात ती अकरा आणि नऊ प्रश्नचिन्हे. ग्रंथनामाची केवळ लांबी शिल्लक राहते. साधनात मागे फिरण्याची सोय असते खरी. पण ती स्तंभाचा प्रकार परत आणते, गेलेली अक्षरे नव्हे. २०१९ च्या आवृत्तीपासून ‘व्हारचार’लाही यूटीएफ-८ चा संकेत देता येतो व मग देवनागरी टिकते, परंतु तो जाणीवपूर्वक निवडावा लागतो.

आणखी एक गुंता आपल्याकडचा आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी अनेक मराठी याद्या विशिष्ट फाँटच्या संकेतात टंकित झाल्या. त्या ‘टेक्स्ट’ स्तंभात रोमन अक्षरांच्या व चिन्हांच्या रूपाने बसल्या आहेत; फाँट लावला की मराठी, काढला की अर्थहीन अक्षरे. असा स्तंभ ‘एनव्हारचार-मॅक्स’ केला, तरी ती रोमन अक्षरेच सुखरूप पोहोचतात. मोडीचा कागद नव्या पेटीत ठेवल्याने त्याचे लिप्यंतर होत नाही, तसेच हे. त्या फाँटचा अक्षरतक्ता मिळवून संकेतांतर करणे हे स्वतंत्र काम आहे, आणि जोडाक्षरे व ऱ्हस्व वेलांटी ह्यांचा क्रम तेथे हाताने तपासावा लागतो, कारण अशा फाँटांत वेलांटी बहुधा व्यंजनाच्या आधी टंकिलेली असते आणि युनिकोडमध्ये ती नंतर येते.