भरती-ओहोटीच्या वेळापत्रकाने : मराठवाड्यातून अलिबागची निवांत सहल

मराठवाड्याला समुद्रकिनारा नाही. तरीही नांदेड जिल्ह्यातील कंधार येथील तलाव 'जगत्तुंग सागर' या नावाने ओळखला जातो. राष्ट्रकूटांच्या वैभवाची आठवण त्या नावात आहे. घराजवळच्या पाण्यालाच सागर म्हणणाऱ्या या भूभागातील माणसाला खऱ्या सागराची ओढ वाटावी, हे स्वाभाविक होय. नाताळची सुटी आली की नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील शाळांच्या सहली कोकणाकडे निघतात. महाराष्ट्र दर्शनाच्या रजा प्रवास सवलतीचा लाभ घेणारे शासकीय कर्मचारीही सहकुटुंब त्याच वाटेला लागतात.

परंतु या सहलींचे कार्यक्रम पाहिले असता एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. लातूरहून अलिबाग सुमारे पावणेपाचशे किलोमीटर, तर नांदेडहून सहाशेच्या घरात आहे. एवढ्या दूर जावयाचे, तर एकाच फेरीत सारे पाहून घ्यावे, असा विचार होतो. रात्रभर बसमध्ये जागरण, सकाळी रायगड, दुपारी अलिबाग, सायंकाळी काशीद, दुसऱ्या दिवशी मुरूड-जंजिरा, हरिहरेश्वर आणि पुन्हा रात्रीचा प्रवास, असा हा क्रम असतो. परतल्यावर मुलांना विचारले, तर कोणता किल्ला कोठे पाहिला हे त्यांना सांगता येत नाही. याहून गंभीर बाब अशी की, घाईत आखलेल्या कार्यक्रमात समुद्राच्या वेळेला जागाच नसते. निवांतपणा हा केवळ चैनीचा भाग नसून सुरक्षिततेचाही भाग आहे, हे सहलीची आखणी करणाऱ्यांनी प्रथम ध्यानी घेणे अगत्याचे आहे.

एकच गाव, तीन दिवस

यावर उपाय सोपा आहे. किनाऱ्यावरील एकच ऐतिहासिक गाव निवडावे, तेथे तीन दिवस मुक्काम करावा आणि त्याच्या चालीने चालावे. या दृष्टीने रायगड जिल्ह्याचे मुख्यालय असलेले अलिबाग सोयीचे आहे. १९८१ पूर्वी या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. ते ज्या किल्ल्यावरून पडले, तो कुलाबा किल्ला गावासमोरच समुद्रात उभा आहे. शिवछत्रपतींनी १६८० साली त्याच्या बांधकामास आरंभ करविला आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पूर्णत्वास गेले. पुढे सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे हे प्रमुख ठाणे झाले. १७२१ साली इंग्रज व पोर्तुगीज या दोन सत्तांनी एकत्र येऊन त्यावर हल्ला केला, तो फसला. कान्होजींचे निधन १७२९ साली झाले. त्यांची समाधी अलिबाग गावातच आहे.

मुंबईपर्यंत रेल्वेने येऊन गेटवे ऑफ इंडिया येथून बोटीने मांडव्यास व तेथून बसने अलिबागेस जाता येते. ही बोटसेवा पावसाळ्यात बंद असते. पुण्याकडून येणाऱ्यांना पेण-वडखळवरून रस्ता आहे. कोणत्याही मार्गाने गेले, तरी प्रवासाचा दिवस हा प्रवासाचाच मानावा. त्या दिवशी स्थळदर्शन ठेवू नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने या सहलीस उत्तम होत.

परके नव्हे, आपलेच बंदर

मराठवाड्यातील प्रवाशाने कोकणात जाताना आपण परक्या मुलखात चाललो आहोत, असे मानण्याचे कारण नाही. अलिबागच्या दक्षिणेस पंधरा-सोळा किलोमीटरवर चौल हे प्राचीन बंदर आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात सेमुल्ला या नावाने त्याचा उल्लेख येतो. त्याच ग्रंथात तगर या नगराचेही वर्णन आहे. तेथील कापड गाड्यांतून भृगुकच्छ बंदराकडे जात असे. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील आजचे तेर होय. १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा होईपर्यंत लातूर आणि तेर एकाच जिल्ह्यात होते.

हा धागा पुढेही तुटलेला नाही. राष्ट्रकूट राजे स्वतःस 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवीत. हे लट्टलूर म्हणजेच लातूर, असे अभ्यासक मानतात. त्यांचे मांडलिक म्हणून उत्तर कोकणावर राज्य करणारे शिलाहार 'तगरपुरवराधीश्वर' हे बिरुद अभिमानाने मिरवीत. म्हणजे समुद्रकिनाऱ्याचे धनी आपले मूळ मराठवाड्यातील तेरशी जोडीत होते. दहाव्या शतकाच्या आरंभी अरब प्रवासी अल् मसूदी याने चौल पाहिले, तेव्हा तेथे देशोदेशीचे व्यापारी नांदत होते. १४६९ च्या सुमारास अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी घोडा विकण्यासाठी याच बंदरात उतरला आणि जुन्नरमार्गे बहमनी राजधानी बीदर येथे पोहोचला. उदगीरकरांना बीदर किती जवळ आहे, हे सांगावयास नको. निकितीन ज्या दिशेने देशावर आला, तिच्या उलट दिशेने आपण चाललो आहोत, एवढे शिक्षकाने मुलांना नकाशावर दाखविले, तरी सहलीचा अर्धा अभ्यास बसमध्येच होईल.

समुद्राचे वेळापत्रक

कंधार, औसा आणि उदगीर येथील किल्ल्यांचे खंदक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना कुलाबा किल्ला समजणे सोपे आहे. तेथे माणसाने खंदक खणला, येथे समुद्र हाच खंदक आहे. फरक असा की, हा खंदक दिवसातून दोन वेळा भरतो आणि दोन वेळा उतरतो. ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावरून चालत किल्ल्यात जाता येते, तर भरतीच्या वेळी होडीखेरीज मार्ग नसतो. म्हणून अलिबागच्या सहलीचा दिवस कॅलेंडरवरील तारखेने नव्हे, तर पंचांगातील तिथीने ठरवावा.

कोकणात यासाठी एक जुना ठोकताळा आहे. तिथीचा आकडा तीनने गुणून चारने भागावा. येणारे उत्तर म्हणजे पूर्ण भरतीची अंदाजे वेळ. तीत सुमारे सव्वासहा तास मिळविले की ओहोटीची वेळ मिळते. उदाहरणार्थ, द्वितीयेस भरती दीडच्या सुमारास येते, म्हणून ओहोटी सकाळी पावणेआठच्या सुमारास असते. चतुर्थीस भरती तीनला, तर ओहोटी सव्वानऊला. अष्टमीस भरती सहाला, तर ओहोटी दुपारी सव्वाबाराला. पौर्णिमा व अमावास्या या दोन्ही पंधराव्या तिथी धराव्यात. त्या दिवशी भरती सव्वाअकराच्या सुमारास आणि ओहोटी पहाटे व सायंकाळी पाच-साडेपाचला असते. शुक्ल व कृष्ण या दोन्ही पक्षांना हाच हिशेब लागू आहे.

यामागील कारणही विद्यार्थ्यांना समजण्यासारखे आहे. भरती-ओहोटी मुख्यतः चंद्राच्या आकर्षणाने होते आणि चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो. ठोकताळ्यातील पाऊण तास हा या उशिराचाच ढोबळ हिशेब होय. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास सूर्य व चंद्र यांचे आकर्षण एकवटते. त्यामुळे भरती मोठी आणि ओहोटीही खोल असते. यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास हे अंतर कमी असते, त्यास भांग म्हणतात. भांगाच्या दिवसांत किल्ल्याची वाट पुरती उघडी पडेलच, असे नाही. सकाळी सोयीच्या वेळी आणि पुरेशी ओहोटी मिळावी, यासाठी पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरची द्वितीया ते चतुर्थी ही तिथी साधावी. हा मात्र ठोकताळाच होय, त्यात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो. म्हणून त्या दिवसाच्या अचूक वेळा स्थानिक नाविकांकडून अवश्य विचारून घ्याव्यात.

तीन दिवसांची आखणी

पहिल्या दिवशी पोहोचल्यावर स्नान, भोजन व विश्रांती घ्यावी. सायंकाळी किनाऱ्यावर केवळ बसावे. ज्या मुलांनी समुद्र प्रथमच पाहिला, त्यांना तासभर तो पाहू द्यावा. वाळूत एक काठी रोवून पाणी किती मागे वा पुढे सरकते, हे त्यांनाच मोजावयास सांगावे. दुसऱ्या दिवशी ज्याची गरज भासणार, तो पाठ असा आदल्या दिवशीच होऊन जातो.

दुसरा दिवस किल्ल्याचा. ओहोटी पूर्ण होण्याच्या तासभर आधी निघावे. तटाचे मोठे चिरे चुना न वापरता एकावर एक रचलेले आहेत. लाटांचे पाणी फटींतून जिरावे आणि तटावर त्याचा आघात कमी व्हावा, अशी ही योजना आहे. आत १७५९ साली बांधलेले गणेशाचे मंदिर आहे आणि चहूकडे खारे पाणी असूनही गोड्या पाण्याचा साठा आहे. टंचाईचे दिवस अनुभवलेल्या लातूर-नांदेडच्या ग्रामपंचायत सदस्यांनी तो जरूर पाहावा. तटावर चाकांच्या गाड्यांवर ठेवलेल्या दोन तोफांवर इंग्लंडमधील कारखान्याचे नाव व १८४९ हे साल आहे. पाणी फिरू लागताच परतावे. दुपारी विश्रांती घ्यावी व सायंकाळी कान्होजींची समाधी पाहावी. गावात १९०४ साली स्थापन झालेली चुंबकीय वेधशाळा आहे. विजेवरील ट्राममुळे मुंबईतील नोंदींत व्यत्यय येईल, म्हणून हे काम अलिबागेस हलविण्यात आले. विज्ञान शिक्षकांनी भेटीसाठी आधी पत्र पाठवून परवानगी घ्यावी.

तिसऱ्या दिवशी आक्षी, चौल व रेवदंडा पाहावे. आक्षी येथील शिलालेख मराठीतील आद्य लेखांपैकी एक समजला जातो. त्यावरील काळ शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२, असा अनेक अभ्यासकांनी वाचला आहे. मुकुंदराजांच्या अंबाजोगाईशेजारी राहणाऱ्या वाचकांना या दगडाचे मोल वेगळे सांगावयास नको. चौलचे रामेश्वर मंदिर, रेवदंड्याच्या नारळी-पोफळींच्या वाड्यांत दडलेला पोर्तुगीजांचा कोट आणि तेथील एका शाळेच्या आवारातील निकितीनचे स्मारक, एवढे पाहून सायंकाळपूर्वी परतावे.

मुक्कामासाठी वरसोली, आक्षी, नागाव या गावांत घरगुती निवासाची सोय होते. तेथे ज्वारीच्या भाकरीऐवजी तांदळाची भाकरी मिळेल. थंडीत वालाच्या शेंगांची पोपटी खावयास मिळाली, तर ती सोडू नये. अलिबागच्या पांढऱ्या कांद्यास २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्याची माळ घरी नेण्याजोगी असते.

या आखणीत रायगड, जंजिरा व हरिहरेश्वर नाहीत. ती स्थळे कमी महत्त्वाची आहेत असे नव्हे, तर प्रत्येकास स्वतंत्र सहल द्यावी, एवढीच त्यांची योग्यता आहे. काय पाहावयाचे याच्या यादीबरोबरच या खेपेस काय सोडावयाचे याचीही यादी करणे, हा उत्तम आखणीचा गाभा होय.

दक्षता

फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीस आलेले पुण्यातील एका महाविद्यालयाचे चौदा विद्यार्थी बुडून मरण पावले. असा प्रसंग पुन्हा येऊ नये, यासाठी काही नियम कटाक्षाने पाळावयास हवेत. विहिरीत वा नदीत पोहता येणाऱ्यास समुद्रात पोहता येतेच, असे नाही. ओहोटीचे पाणी माणसास आत ओढते, म्हणून त्या वेळी पाण्यात उतरू नये. जीवरक्षक नसतील, तेथे घोट्याहून अधिक पाण्यात कोणासही जाऊ देऊ नये. मुलांच्या जोड्या लावाव्यात. पाण्याजवळ जाण्यापूर्वी व परतताना हजेरी घ्यावी. काठावर लक्ष ठेवणारे शिक्षक स्वतः पाण्यात उतरणार नाहीत, हे आधीच ठरवावे. स्थानिक कोळी बांधवाने 'आता नको' म्हटले, तर वाद घालू नये. उशीर झालेला असताना 'पाच मिनिटांत पाहून येऊ' असे म्हणण्याची पाळी येते, तेथेच धोका असतो. ज्याच्या हाती तीन दिवस आहेत, त्याला असे म्हणावे लागत नाही. किल्ला आज चुकला, तर उद्याची ओहोटी आहेच.

परतल्यावर

सहलीचा शेवटचा टप्पा गावी परतल्यानंतरचा आहे. आठवड्याभरात विद्यार्थ्यांना जवळच्या कंधार, औसा किंवा उदगीरच्या किल्ल्यावर न्यावे आणि दोन्ही ठिकाणचे तट, खंदक व पाण्याची सोय यांची तुलना त्यांच्याकडून लिहून घ्यावी. पंचायत सदस्यांनीही एक गोष्ट टिपून आणावी. किनाऱ्यावरील कुटुंबांनी आपल्या घरातील दोन खोल्या, आपला स्वयंपाक आणि आपल्या गावाची माहिती यांवर पाहुण्यांचा निवांत मुक्काम घडवून दाखविला आहे. मराठवाड्यातील किल्ल्यांच्या गावांनाही हे अशक्य नाही. कोकणातील एखाद्या शाळेने जगत्तुंग सागराच्या काठी तीन दिवस मुक्काम करावा, अशी सोय कंधारला झाली, तर निकितीनच्या वाटेने येणारे पाहुणे पुन्हा देशावर येऊ लागतील.