फणसोंबा

आपल्या गडहिंग्लजवरून वाहणारी हिरण्यकेशी आंबोलीच्या डोंगरांत उगम पावते. तिच्या कांठानें आजऱ्याच्या बाजूस जावें तसतसा पाऊस वाढतो व फणसाचे जुने वृक्ष दिसूं लागतात. अशा वृक्षाच्या बुंध्यावर कधीं कधीं घोड्याच्या खुराच्या आकाराचा टणक उंचवटा आलेला असतो. वरून काळसर व भेगाळलेला, खालून पिवळट तपकिरी. यासच फणसोंबा किंवा फणसअळंबें म्हणतात.

हा झाडाचा अवयव नव्हे. ती झाडावर जगणारी बुरशी होय. पावसांत उगवून दोन दिवसांत कुजणाऱ्या अळंब्यांच्याच मोठ्या कुळांतली ती आहे, परंतु लाकडासारखी कठीण असून वर्षानुवर्षें टिकते. शास्त्रांत तिच्या प्रजातीस 'फेलिनस' म्हणतात. फ्रेंच वैद्य व निसर्गाभ्यासी लूसिआं केले यांनीं १८८६ सालीं हें नांव योजिलें. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'बूच' असा आहे.

बुरशींत हरितद्रव्य नसतें, म्हणून तिला स्वतःचें अन्न तयार करितां येत नाहीं. मोडलेल्या फांदीच्या किंवा कुऱ्हाडीच्या जखमेंतून ती आंत शिरते, आणि तिचे सूक्ष्म तंतू खोडाचा गाभा कुजवितात. बाहेर दिसतो तो केवळ तिचा फलभाग. त्याच्या खालच्या अंगास असंख्य बारीक छिद्रें असून त्यांतून बीजाणू वाऱ्यावर पसरतात.

असा हा वृक्षाचा वैरी मनुष्याच्या मात्र उपयोगीं पडला आहे. फणसोंबा सहाणेवर पाण्यांत उगाळून तो लेप हिरड्यांस लावावा, म्हणजे अतिशय लाळ गळणें थांबतें, असा लोकांचा अनुभव. पुण्याचे कवकशास्त्रज्ञ जे. जी. वैद्य व त्यांचे सहकारी रब्बा यांनीं १९९३ सालीं अशा लोकौषधींची शास्त्रीय नोंद केली. जपानांत तुतीवर वाढणाऱ्या हिच्याच एका भावंडाच्या अर्कानें उंदरांच्या अंगावरील गांठींची वाढ रोखली गेल्याचें १९६८ सालीं प्रसिद्ध झालें. केरळांत त्रिशूर येथील अमला कर्करोग संशोधन केंद्रांतहि फणसावरील बुरशीवर प्रयोग झाले आहेत.

तथापि उंदरास गुण आला म्हणजे मनुष्यास येईलच, असें नाहीं. शिवाय फणसोंबा या एकाच नांवाखालीं अनेक जाती मोडतात. त्या डोळ्यांनीं सहज ओळखतां येत नाहींत. शास्त्रज्ञांनींहि अलीकडे कित्येक जाती फेलिनसमधून काढून निराळ्या प्रजातींत घातल्या आहेत. तेव्हां घरीं तान्हें मूल तोंड आल्यानें रडत असतां, कोठूनहि आणिलेला तुकडा उगाळून त्याच्या मुखांत घालणें धोक्याचें आहे. अशा वेळीं वैद्य अथवा डॉक्टर यांसच विचारावें.

आपण मात्र एवढें अवश्य करावें. असा वृक्ष आढळल्यास त्याचें चित्र काढावें, जागा व तारीख लिहून ठेवावी, आणि वडीलधाऱ्यांकडून त्या बुरशीचें नांव व उपयोग विचारून टिपून घ्यावेत. तसेंच फणसावर उगाच कुऱ्हाड चालवूं नये. ज्या जखमेंतून हें औषध उगवतें, तीच वृक्षाच्या नाशाचें द्वार असते.