पडणे आणि पुन्हा उभे राहणे
(वरच्या वर्गांसाठी चरित्रपाठ)

हेतू.— अपयश आले असता खचून न जाता काम पुढे चालू ठेवण्याची वृत्ती मुलांच्या मनात रुजविणे.

पूर्वतयारी.— आपल्याकडील बहुतेक मुलांनी गोठलेले बर्फ पाहिलेले नसते. म्हणून पावसाळ्यात शेवाळलेल्या दगडावरून पाय कसा निसटतो, हे प्रथम मुलांकडूनच काढून घ्यावे. नंतर सांगावे की, थंड देशांत बुटांच्या तळाशी पोलादी पाती बसवून बर्फावरून शर्यती खेळतात. या खेळास स्पीड स्केटिंग म्हणतात. त्यात क्षणभर तोल गेला, तरी वर्षानुवर्षांचे श्रम वाया जातात.

विवेचन.— डॅन जॅन्सन यांचा जन्म १९६५ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात झाला. नऊ भावंडांत ते सर्वांत धाकटे. १९८४ च्या हिवाळी ऑलिंपिक सामन्यांत ५०० मीटरांच्या शर्यतीत त्यांचा चौथा क्रमांक आला. १९८८ साली कॅनडातील कॅलगरी येथे त्यांच्याकडून सुवर्णपदकाची अपेक्षा होती. परंतु १४ फेब्रुवारीस, शर्यतीच्याच दिवशी सकाळी, त्यांची बहीण जेन रक्ताच्या कर्करोगाने निवर्तली. त्या दिवशी पहिल्याच वळणावर ते पडले. चार दिवसांनी १००० मीटरांच्या शर्यतीतही ते पडले. १९९२ साली फ्रान्समध्ये पुन्हा चौथा क्रमांक, पदक नाहीच.

तरीही त्यांनी सराव सोडला नाही. १००० मीटरांच्या शर्यतीविषयी त्यांच्या मनात अढी होती. ती जावी म्हणून, ही शर्यत आपल्याला आवडते, असे ते एका मानसशास्त्रज्ञाच्या सांगण्यावरून रोज लिहून काढीत. ५०० मीटरांचे अंतर ३६ सेकंदांच्या आत तोडणारे ते पहिले खेळाडू ठरले. पण १९९४ साली नॉर्वेतील ऑलिंपिकमध्ये त्याच शर्यतीत पाय घसरून ते आठवे आले. आता १००० मीटरांची एकच शर्यत उरली होती. तीतही तोल किंचित गेला. मात्र या वेळी ते सावरले. १ मिनिट १२.४३ सेकंदांचा जागतिक विक्रम करून त्यांनी सुवर्णपदक जिंकले आणि आपल्या तान्ह्या मुलीस कडेवर घेऊन मैदानाला फेरी घातली. मुलीचे नावही जेनच होते.

त्यानंतर ते स्पर्धांतून निवृत्त झाले. पुढे त्यांनी समालोचक म्हणून काम केले, तरुण खेळाडूंना शिकविले आणि रक्ताच्या कर्करोगाशी झुंजण्याच्या कार्यास साहाय्य करणारी संस्था स्थापन केली. बहिणीचे दुःख अशा रीतीने इतरांच्या उपयोगी पडले.

शिक्षकांस सूचना.— ‘प्रयत्न केला की पदक मिळतेच’ असे तात्पर्य सांगू नये. ते खरे नाही. ५०० मीटरांत जगात अग्रगण्य असूनही जॅन्सन यांना त्या शर्यतीत ऑलिंपिक पदक कधीच लाभले नाही. अखेरची शर्यत ते हरले असते, तरी त्यांच्या धैर्याचे मोल उणे झाले नसते. फळ्यावरील गणित चुकून ज्याचे वर्गात हसे झाले, ते मूल दुसऱ्या दिवशी शाळेची वाट टाळते. त्यास प्रेमाने पुन्हा फळ्यापाशी बोलावणे, हाच या पाठाचा खरा उपयोग होय.

प्रश्न.—
१. जॅन्सन यांनी मनातील अढी कशी घालविली?
२. निवृत्तीनंतर त्यांनी कोणती कामे केली?
३. आपला सोबती एखाद्या कामात चुकला, तर आपण त्याच्याशी कसे वागावे?