वृद्धांच्या चालण्यातला तोल घरी मोजता येतो का?
तोल मोजण्याची सर्वांत सुटसुटीत चाचणी १९९१पासून रूढ आहे. हातांच्या खुर्चीतून उठायचे, नेहमीच्या वेगाने ३ मीटर चालायचे, वळायचे, परत येऊन बसायचे. १२ सेकंद किंवा अधिक लागल्यास पडण्याचा धोका वाढलेला समजतात. काठी वापरणाऱ्याने काठीसहच चालावे. शेजारी माणूस हवाच. घड्याळापेक्षा वळण अधिक बोलके असते: तिथे पावले अडखळतात का, हात भिंत शोधतो का, हे पाहावे. अर्थात सपाट फरशीवरचा आकडा कोकणातल्या संगमेश्वरच्या पाखाडीला, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेला, पुरत नाही. पावसाळ्यात जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते आणि उतरतानाच पाय सटकतो. चाचणीत वेळ जास्त लागल्यास डॉक्टर उभे राहिल्यावरचा रक्तदाब, नजर, पायांची संवेदना आणि झोपेच्या गोळ्या तपासतात.