तात्पुरता तक्ता आणि रकान्यांचा क्रम

वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट ही कापसाची जुनी पेठ. सोयाबीन, तूर व हरभरा यांची आवकही येथे होते. किती क्विंटल माल आला आणि त्याला किमान, कमाल व सर्वसाधारण दर काय मिळाला, यांवरून शेतकरी माल आज आणावा की थांबावा हे ठरवितो. अशा नोंदींचे अहवाल आता संगणकावर तयार होतात. म्हणून आकडे एका तक्त्यातून दुसऱ्यात जाताना काय बिघडते, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

या नोंदी एसक्यूएल सर्व्हर या प्रणालीत आहेत, असे उदाहरणादाखल समजावे. रोजची आवक व दर काढून देणारी आज्ञावली तेथे एकदाच लिहून ठेवता येते. तिला स्टोअर्ड प्रोसीजर म्हणतात. तिचे उत्तर पुढील हिशेबासाठी तात्पुरत्या तक्त्यात घ्यावयाचे असल्यास ‘इन्सर्ट इंटू’ या आज्ञेपुढे ‘एक्झेक’ लिहून प्रोसीजरचे नाव द्यावे लागते. तक्ता मात्र आधीच तयार हवा. ‘सिलेक्ट इंटू’ प्रमाणे तो येथे आपोआप बनत नाही, आणि नवशिक्याची पहिली अडचण बहुधा हीच असते.

रकान्यांची संख्या जुळली नाही, तर त्रुटी क्रमांक २१३ येते. प्रोसीजरच्या आतही हीच पद्धत वापरलेली असेल, तर त्रुटी क्रमांक ८१६४ येते. कारण अशी आज्ञा एकीच्या पोटात दुसरी चालत नाही. त्यावर उपाय सोपा आहे. बाहेरच्या आज्ञावलीने तक्ता तयार करावा आणि आतल्या प्रोसीजरने त्यातच ओळी भराव्यात. उलट केल्यास उपयोग नाही, कारण प्रोसीजरच्या आत जन्मलेला तात्पुरता तक्ता तिच्याबरोबरच नाहीसा होतो.

या त्रुटी काम थांबवितात, म्हणून त्या परवडल्या. गाठ पडते ती न बोलणाऱ्या चुकांशी. मराठी नावांसाठी ‘एनव्हारचार’ ऐवजी साधा ‘व्हारचार’ रकाना ठेवला, तर सामान्यतः अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात आणि संगणक तक्रार करीत नाही. लांबीही सैल ठेवावी. ‘हिंगणघाट’ या शब्दात डोळ्यांना पाच अक्षरे दिसतात. संगणक काना, वेलांटी व अनुस्वार वेगळे धरून आठ मोजतो.

सर्वांत घातक चूक क्रमाची. उत्तरातील मूल्ये रकान्याचे नाव पाहून भरली जात नाहीत. पहिले मूल्य पहिल्या रकान्यात, दुसरे दुसऱ्यात, एवढेच पाहिले जाते. कोणी प्रोसीजर सुधारताना कमाल दर किमान दराच्या आधी आणला, तर दोन्ही आकडेच असल्याने भरणा निर्विघ्न पार पडतो. अहवालात मात्र कापसाचा चढा भाव ‘किमान’ म्हणून छापला जातो, आणि तो वाचून गावाकडून गाडी निघते.

यासाठी तात्पुरत्या तक्त्यालाच अट घालून ठेवावी: किमान दर सर्वसाधारण दराहून अधिक नसावा आणि सर्वसाधारण दर कमाल दराहून अधिक नसावा. क्रम उलटताच एकही ओळ न भरता आज्ञा थांबते. ज्या दिवशी तिन्ही दर एकच निघाले, त्या दिवशीच्या ओळी या अटीतून सुटतात. परंतु त्यांत उलटण्यासारखे काही नसतेच.