सारथ्याचा सोबती

कोल्हापूर जिल्ह्यात उसाचा गळीत हंगाम सुरू झाला, की रात्री-अपरात्री साखर कारखान्यांच्या वाटेवर उसाने लादलेल्या गाड्यांची रांग दिसू लागते. आता ट्रॅक्टर पुष्कळ झाले, तरी बैलगाड्या अगदीच नाहीशा झालेल्या नाहीत. दिवसभराच्या ऊसतोडीने थकलेला एखादा गाडीवान कासरा हाती असतानाच पेंगू लागतो. तरीही त्याची गाडी चालतच असते. पुढची गाडी मंदावली की त्याचे बैल मंदावतात. ती थांबली की तेही थांबतात. पायांखालची वाट सोडून ते शेतात उतरत नाहीत. मात्र वळणावर अचानक एखादी मालमोटार समोर आली, की बैलांची समज तेथे पुरी पडत नाही. त्या क्षणी कासरा खेचणारा जागाच असावा लागतो.

मुलांनो, अलीकडच्या विजेवर चालणाऱ्या मोटारींत जी चालक-साहाय्यक यंत्रणा असते, तिचे काम समजून घेण्यास हे बैल आपल्याला फार उपयोगी पडतील. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘एडास’ म्हणतात. पुण्याजवळ चाकण येथे तयार होणाऱ्या महिंद्र कंपनीच्या ‘बीई ६’ व ‘एक्सईव्ही ९ई’ या मोटारी नोव्हेंबर २०२४ मध्ये लोकांपुढे आल्या. टाटांची विजेवर चालणारी ‘हॅरिअर’ जून २०२५ मध्ये आली. या मोटारींच्या वरच्या किमतीच्या प्रकारांत ही यंत्रणा बसविलेली असते. पेट्रोल-डिझेलवरील अनेक गाड्यांतही ती आहे. तेव्हा तो विजेच्या गाडीचाच मान आहे, असे कोणी समजू नये.

या यंत्रणेला पाहण्यासाठी मुख्यतः दोन इंद्रिये दिलेली आहेत. समोरच्या काचेच्या आतल्या बाजूस, आरशाजवळ, एक कॅमेरा असतो. रस्त्यावरील पांढरे पट्टे, माणसे, दुचाक्या आणि वाहने तो ओळखतो. दुसरे इंद्रिय म्हणजे रडार. ते पुढील भागात दडविलेले असते आणि तेथून रेडिओ लहरी सोडते. या लहरी समोरच्या वाहनावर आदळून परत येतात. त्यांचा वेग सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर असल्यामुळे साठ मीटरांवरील गाडीपर्यंत जाऊन परतण्यास त्यांना सेकंदाच्या दशलक्षांश भागाचा निम्मा वेळही लागत नाही. एवढ्या सूक्ष्म अवधीवरून यंत्र अंतर काढते. समोरची गाडी जवळ येत आहे की दूर जात आहे, हेही त्याला कळते. स्थानकात शिरणाऱ्या आगगाडीची शिटी तीव्र वाटते आणि गाडी दूर जाऊ लागली की तीच शिटी खर्जात उतरते, हे तुम्ही ऐकले असेल. या बदलामागचा नियम डॉप्लर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १८४२ साली मांडला. रडारच्या लहरींनाही तोच लागू पडतो.

मोटारीच्या रडारच्या लहरींची लांबी केवळ चार मिलिमीटरांच्या आसपास असते. आपल्या देशातील जगदीशचंद्र बसू यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोलकात्यात अशाच मिलिमीटर लांबीच्या लहरींवर प्रयोग केले होते, ही गोष्ट मला येथे मुद्दाम सांगाविशी वाटते. त्या काळी मोटारीच दुर्मिळ, तेथे मोटारीच्या डोळ्याची कल्पना कोण करणार!

आता या इंद्रियांचा उपयोग पाहू. पुणे-बंगळूर महामार्गावर ताशी ऐंशी किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात बावीस मीटर अंतर तोडते. समोर धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत सावध माणसालाही सुमारे एक सेकंद लागतो. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच बावीस मीटर संपले. गाडी थांबण्यास लागणारे अंतर त्यापुढे वेगळेच. यंत्राला एवढा वेळ लागत नाही. टक्कर होणारसे दिसताच ते प्रथम इशारा देते, आणि चालक हलला नाही तर स्वतः ब्रेक लावते. एरवी पुढच्या गाडीशी अंतर राखून वेग कमी-अधिक करणे, मार्गिका सुटू लागल्यास स्टेअरिंगला हलकासा हिसका देणे, ही त्याची नित्याची कामे होत.

विजेच्या गाडीत येथे एक सोय अधिक आहे. वेग कमी करावयाचा झाला की तिची मोटर जनित्रासारखी उलटी वीज निर्माण करू लागते. त्यामुळे गाडी आपोआप मंदावते आणि बॅटरीत थोडी भरही पडते. गगनबावड्याहून करूळचा घाट उतरताना ही गोष्ट चांगली अनुभवास येते. मात्र बॅटरी आधीच काठोकाठ भरलेली असेल, तर नव्या विजेला जागा नसते आणि हा रोध कमी पडतो.

इतके असूनही ही यंत्रणा सारथी नव्हे. मोटार-अभियंत्यांच्या ‘एसएई’ या संस्थेने शून्यापासून पाचापर्यंत सहा पायऱ्या ठरविल्या आहेत. शून्यावर सारे काम माणसाचे, पाचव्या पायरीवर सारे यंत्राचे. वर सांगितलेल्या मोटारी दुसऱ्या पायरीवर आहेत. तेथे वेग आणि दिशा दोन्ही काही काळ यंत्र सांभाळते. परंतु रस्त्यावर नजर ठेवण्याचे काम चालकाचेच राहते. त्याने स्टेअरिंगवरील हात काढले तर गाडी इशारा देते. काही लोक स्टेअरिंगला पाण्याची बाटली अडकवून यंत्राला फसवितात. हजेरी लावून मागच्या दाराने निसटणारी मुले मी बरीच पाहिली; परंतु त्यांचे फार तर एका तासाचे नुकसान होत असे.

यंत्राची नजर कोठे कमी पडते, हे नीट समजून घेतले पाहिजे. पांढरे पट्टे पुसलेले किंवा चिखलाने माखलेले असले, की कॅमेऱ्याला मार्गिका सापडत नाही. गगनबावड्याच्या दाट धुक्यात त्याची अवस्था आपल्यासारखीच होते. रडार धुक्यातून पाहू शकते. पण त्याची अडचण निराळी आहे. रस्त्याकडेच्या पाट्या, कठडे, पूल या सर्व स्थिर वस्तूंवरूनही लहरी परत येतात. अशा प्रत्येक वस्तूसाठी गाडी ब्रेक लावू लागली, तर ती शिरोलीहून कागलपर्यंत सुखाने जाणार नाही. म्हणून पुष्कळशा स्थिर प्रतिध्वनींकडे यंत्राला दुर्लक्ष करावे लागते. आणि येथेच धोका आहे. चाक निखळल्यामुळे अंधारात रस्त्यावर उभी राहिलेली उसाची ट्रॉली हीदेखील एक स्थिर वस्तूच असते! तिच्या मागे बाहेर आलेले उसाचे शेंडे लोखंडाइतक्या जोराने लहरी परतवीत नाहीत. कॅमेऱ्याने ती वेळीच ओळखली तर ठीक. ती त्याला ओळखू आली नाही, तर चालकाचे डोळे एवढाच आधार उरतो.

यंत्र अंतर मोजते, परंतु अर्थ लावीत नाही. रस्त्यावर चेंडू घरंगळत आला, तर त्यामागून मूल धावत येईल, हे तुम्हांला लगेच सुचते. कपाळावर हात धरून उभा असलेला शेतकरी रस्ता ओलांडणार आहे की सावलीसाठी थांबला आहे, हेही तुम्ही ओळखाल. यंत्राला शिकविलेल्या चित्रांत अशा गोष्टी जितक्या आल्या असतील, तितकेच त्याचे ज्ञान.

गळीत हंगामाच्या प्रारंभी उसाच्या गाड्यांना आणि ट्रॉल्यांना मागून तांबड्या परावर्तक पट्ट्या लावतात. रडारला रंग कळत नाहीत, त्यामुळे या पट्ट्यांचा त्याला उपयोग नाही. कॅमेऱ्याला आणि माणसाला मात्र दिव्याच्या उजेडात त्या बऱ्याच दुरून चमकताना दिसतात. त्या चिखलाने झाकल्या जातात, म्हणून काही गाडीवान कारखान्याच्या फाटकाशी थांबले असता ओल्या फडक्याने त्या पुसून घेतात.

अभ्यास
१. पेंगणाऱ्या गाडीवानाचे बैल आणि मोटारीतील यंत्रणा यांत कोणते साम्य आहे? ते कोठे संपते?
२. रडार सर्व स्थिर वस्तूंसाठी ब्रेक का लावीत नाही?
३. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात किती मीटर जाते, ते काढा. तेवढे अंतर शाळेच्या पटांगणावर पावलांनी मोजून पाहा.